सिलिंड्रिकल नंबर आणि कॉन्टॅक्ट लेन्स : उतारवयातील निवड

कॉन्टॅक्ट लेन्स ही महाविद्यालयीन मुलामुलींची हौस आहे, असा समज आपल्याकडे दृढ आहे. परंतु अलीकडे साठी ओलांडलेली माणसेही रक्तदाब तपासून झाल्यावर, उठता उठता, काहीशा संकोचाने विचारतात, "डॉक्टर, या वयात मला लेन्स चालेल का?" या प्रश्नामागे हौस क्वचितच असते. कुणाच्या कानामागे श्रवणयंत्र असते आणि त्याच कानावर चष्म्याची काडी टेकवली की दोन्ही सरकू लागतात. कुणाच्या नाकाच्या दोन्ही अंगांना जाड काचांच्या भाराने काळे व्रण पडलेले असतात. कुणाच्या एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून इतका निराळा असतो की चष्म्यातून दिसणाऱ्या दोन प्रतिमांचे आकारच जुळत नाहीत आणि जिना उतरताना पायरी नेमकी कोठे संपते ते उमगत नाही. ही शेवटची तक्रार मी सर्वांत गांभीर्याने ऐकतो. सत्तरीत एक पायरी चुकली तर खुब्याचे हाड मोडते आणि त्यानंतरचे सहा महिने सारे घर अंथरुणाभोवती फिरत राहते.

ज्यांचा नंबर साधा, म्हणजे केवळ स्फेरिकल आहे, त्यांना उत्तर देणे तुलनेने सोपे असते. सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांच्या बाबतीत मात्र लेन्सचे चार-पाच प्रकार समोर येतात, दुकानदार एक सांगतो, शेजारचा दुसरे सांगतो आणि नातवंडे मोबाइलवर तिसरेच काही मागवून मोकळी होतात. मी नेत्रतज्ज्ञ नाही. लेन्स बसवून देण्याचे काम नेत्रतज्ज्ञांचे आणि ऑप्टोमेट्रिस्टचे आहे. तथापि त्यांच्याकडे जाण्यापूर्वी कोणते प्रश्न मनाशी स्पष्ट असावेत आणि रुग्णाच्या इतर आजारांचा व औषधांचा या निवडीशी काय संबंध असतो, हे सांगणे कौटुंबिक डॉक्टरच्या कक्षेत येते.

दोष नेमका कोठे आहे?

दृष्टिवैषम्य, म्हणजेच सिलिंड्रिकल नंबर, समजून घेण्यासाठी स्वयंपाकघरातील चमचा पुरेसा आहे. चेंडूचा पृष्ठभाग सर्व दिशांनी सारखाच वळलेला असतो; चमच्याची पाठ एका दिशेने अधिक आणि दुसऱ्या दिशेने कमी वळलेली असते. बुबुळापुढील पारदर्शक पडदा, ज्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात, तो चेंडूसारखा असेल तर प्रकाश एका बिंदूवर एकवटतो. तो चमच्यासारखा असेल तर उभ्या आणि आडव्या रेषा वेगवेगळ्या अंतरावर स्पष्ट होतात. आपल्या देवनागरीत याचा प्रत्यय चांगला येतो. एसटीची पाटी वाचताना कुणाला शिरोरेषा ठसठशीत पण काना पुसट दिसतो, तर कुणाला नेमके उलट.

हा दोष चष्म्याने दुरुस्त करण्याचे श्रेय जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाकडे जाते. १८२५ च्या सुमारास त्याने स्वतःच्याच डोळ्यासाठी दंडगोलाकार वळणाची काच घडवून घेतली. तिचा अंश आजही आपल्या चष्म्याच्या कागदावर ‘सिलिंडर’ या रकान्यात टिकून आहे. त्याच्या शेजारी ‘अ‍ॅक्सिस’ म्हणजे अक्ष हा रकाना असतो; त्यात ० ते १८० यांमधील अंश लिहिलेला असतो. किती दोष आहे ते सिलिंडर सांगतो आणि तो कोणत्या दिशेने आहे ते अक्ष सांगतो. पुढील सारे विवेचन या अक्षाभोवती फिरणार आहे, म्हणून वाचकांनी आपला कागद एकदा काढून पाहावा.

तरुणपणी बहुतेकांच्या पारपटलाचे वळण उभ्या दिशेने अधिक असते. वय वाढते तशा पापण्या सैल होतात, पारपटलाचा आकार हळूहळू पालटतो आणि अधिक वळण आडव्या दिशेकडे सरकते. चाळिशीत अक्ष १८० च्या आसपास असलेल्या व्यक्तीच्या कागदावर सत्तरीत ९० च्या जवळचा आकडा दिसू लागला, तर त्यात घाबरण्याजोगे काही नाही. मात्र हा बदल वर्षानुवर्षांच्या संथ गतीने व्हावयास हवा. सहा महिन्यांत सिलिंडर किंवा अक्ष झपाट्याने बदलला, तर लेन्स निवडण्याची ती वेळच नव्हे. आधी कारण शोधावे लागते.

ही कारणे उतारवयात साधारणपणे तीन-चारच असतात. पहिले आणि सर्वांत नेहमीचे म्हणजे मोतीबिंदू. पिकू लागलेले नैसर्गिक भिंग स्वतःच नंबर बदलत राहते. दुसरे म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर वाढत येणारे मांस. उन्हात, धुळीत आयुष्य घालवलेल्या शेतकऱ्यांत आणि मच्छीमारांत ते पुष्कळदा आढळते आणि पारपटलाला ओढ देऊन त्याचा आकार बिघडवते. तिसरे म्हणजे पूर्वीची शस्त्रक्रिया, विशेषतः मोठ्या छेदाची व टाक्यांची मोतीबिंदूची जुनी शस्त्रक्रिया अथवा नेत्ररोपण. आणि चौथे, फार क्वचित वृद्धापकाळी प्रथमच कळणारे पण तरुणपणापासून असलेले, शंकूसारखे पुढे आलेले पारपटल.

मधुमेहींनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. रक्तातील साखर फार चढली किंवा औषधे सुरू होऊन ती एकदम उतरली, तर काही आठवडे चष्म्याचा नंबरच डळमळतो. या काळात घेतलेले माप पुढे उपयोगी पडत नाही. साखर स्थिर होईपर्यंत लेन्स काय, नवा चष्माही करू नये असे मी सांगतो.

लेन्सचे प्रकार

सिलिंड्रिकल नंबर ०.७५ पेक्षा कमी असेल तर बहुधा साधी मऊ लेन्सच चालते. तेवढा दोष डोळा सहन करतो. यावर अधिक खर्च करण्यात अर्थ नाही.

त्याहून अधिक नंबरासाठी मऊ टोरिक लेन्स हा आज सर्वांत रूढ पर्याय आहे. मऊ लेन्सचा जन्मही मोठा गमतीदार आहे. ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातील जोडणीचे तुकडे आणि सायकलचा डायनामो वापरून, पहिल्या समाधानकारक मऊ लेन्स फिरत्या साच्यांत घडवल्या. परंतु गोल लेन्स डोळ्यावर कशीही फिरली तरी चालते. टोरिक लेन्स फिरून चालत नाही. तिच्यातील दुरुस्ती एका ठरावीक अक्षावर असते. म्हणून तिचा खालचा भाग किंचित जाड ठेवतात किंवा वरखाली पातळ पट्टे देतात, जेणेकरून प्रत्येक उघडझापीबरोबर पापणीच तिला जागेवर आणून बसवते.

येथेच उतारवयाचा संबंध येतो. पापणी सैल असेल, अश्रू अपुरे असतील, तर लेन्स जागेवर राहत नाही. हिशेब असा आहे की लेन्स आपल्या अक्षापासून १० अंश फिरली तर दोषाचा सुमारे एक तृतीयांश भाग दुरुस्त न होता शिल्लक राहतो. ३० अंश फिरली तर लेन्स घातल्याचा लाभ शून्य होतो आणि वर अक्ष वेडावाकडा झाल्याने डोके दुखते ते निराळेच. "डोळे मिचकावले की क्षणभर स्पष्ट दिसते, मग पुन्हा पुसट," असे रुग्ण म्हणाला की लेन्स फिरत असल्याचा संशय घ्यावा. कुशीवर पडून दूरदर्शन पाहणाऱ्यांना हा अनुभव विशेष येतो, कारण त्या स्थितीत जाड भाग आपल्या वजनाने व पापणीच्या दाबाने जागा सोडतो.

टोरिक लेन्सवर एक बारीक खूण कोरलेली असते. ती घातल्यानंतर १५ ते २० मिनिटे थांबून तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ही खूण कोठे स्थिरावली ते पाहतात आणि त्यानुसार अक्षाचा आकडा सुधारून लेन्स मागवतात. ज्या ठिकाणी हे न करता चष्म्याचा कागद पाहून डबी हाती दिली जाते, तेथून लेन्स घेऊ नये. चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर एकच असतो हा गैरसमजही दूर व्हायला हवा. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असतो आणि लेन्स डोळ्याला लागून. म्हणून ४ च्या वरच्या नंबरात दोन्ही आकडे निराळे येतात. शिवाय लेन्सच्या कागदावर वक्रता आणि व्यास हे आणखी दोन आकडे लागतात, जे चष्म्याच्या कागदावर नसतातच. मापे जुळली तरी तयार मऊ टोरिक लेन्स बहुतेक ०.७५, १.२५, १.७५, २.२५ अशा टप्प्यांत आणि अक्ष १० अंशांच्या टप्प्यांत मिळतात. आपला आकडा यांच्या पलीकडचा असेल तर ती खास घडवून घ्यावी लागते आणि तिला वेळ व पैसा दोन्ही अधिक लागतो.

दुसरा प्रकार कडक, पण प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या लेन्सचा. आपल्याकडील दुकानांत तिला ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणण्याची चाल आहे. हे नाव दिशाभूल करणारे आहे. ती मुळीच मऊ नसते. तिचे तत्त्व मात्र सुंदर आहे. ती आपला आकार सोडत नाही आणि वाकड्या पारपटलामध्ये व तिच्यामध्ये जी पोकळी राहते ती अश्रूंनी भरून निघते. खडबडीत जमिनीवर पाणी साचले की वरचा पृष्ठभाग जसा सपाट होतो, तसाच हा प्रकार. दोष पारपटलात असेल तर लेन्स फिरली तरी फरक पडत नाही आणि दृष्टी मऊ लेन्सपेक्षा पुष्कळदा अधिक रेखीव मिळते. पण दोष आतल्या भिंगात, म्हणजे पिकू लागलेल्या मोतीबिंदूत असेल, तर ही साधी कडक लेन्स तो झाकू शकत नाही. म्हणूनच पारपटलाची वक्रता मोजून, दोष पारपटलात किती आणि भिंगात किती, ही वजाबाकी आधी करावी लागते. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत ‘नंबर किती?’ यापेक्षा ‘नंबर कोठला?’ हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

कडक लेन्सची सवय होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. प्रथमच साठीनंतर ती घालणाऱ्यांपैकी पुष्कळजण मध्येच कंटाळतात. ज्यांनी तरुणपणापासून ती वापरली आहे, त्यांनी केवळ वय झाले म्हणून ती सोडण्याचे कारण नाही.

तिसरा प्रकार स्क्लेरल लेन्सचा. ही आकाराने मोठी असते आणि पारपटलाला स्पर्श न करता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. घालताना तिच्या वाटीत संरक्षक द्रव्य नसलेले निर्जंतुक सलाइन भरतात. शंकूच्या आकाराचे पारपटल, नेत्ररोपणानंतरचा ओबडधोबड आकार, जुन्या जखमेचा व्रण अशा ठिकाणी, जेथे चष्मा आणि मऊ टोरिक दोन्ही थकतात, तेथे ही लेन्स काम करते. अतिशय कोरड्या डोळ्यांतही ती वापरतात, कारण पारपटल दिवसभर द्रवात बुडालेले राहते. सगळ्या गावांत ती मिळत नाही. मोठ्या नेत्ररुग्णालयांत मोजमाप करून बनवावी लागते आणि ती महाग असते. मध्यभागी कडक आणि कडेला मऊ अशी मिश्र लेन्सही असते. तिचा उल्लेख पुरे.

राहिला प्रश्न चाळिशीचा. लेन्सने दूरचे दिसले तरी वर्तमानपत्रासाठी चष्मा लागणारच, हे पुष्कळांना लेन्स घेतल्यानंतर कळते आणि त्यांचा हिरमोड होतो. त्यावर बहुकेंद्री टोरिक लेन्स मिळतात. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवण्याचीही युक्ती आहे. पंचेचाळिशीत ती जमून जाते. सत्तरीत, ज्यांचा तोल आधीच थोडा ढळतो अशांना, तिच्यामुळे खोलीचा अंदाज चुकू शकतो. मी तिच्या बाजूचा नाही. दूरसाठी लेन्स आणि वाचनासाठी साधा जवळचा चष्मा ही जुनी पद्धत मला अधिक सुरक्षित वाटते.

डोळ्याची आणि हाताची तयारी

प्रकार ठरला म्हणजे निवड झाली असे नाही. लेन्स अश्रूंच्या थरावर तरंगते आणि वयाबरोबर हा थर पातळ होत जातो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत विशेषच. नेत्रतज्ज्ञ खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटे अडकवून ठेवतात. ती १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर कोरडेपणाचा संशय येतो. त्या चाचणीच्या आधी रुग्णाने आपल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. सर्दी-खाजेच्या गोळ्या, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या, नैराश्यावरील काही जुनी औषधे, रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांनी डोळे आणखी कोरडे पडू शकतात. काही वेळा गोळी बदलली की लेन्स सुखाने बसते.

क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर रिफॅम्पिसिनने अश्रू नारिंगी होतात आणि मऊ लेन्सवर तो रंग कायमचा चढतो. उपचार पूर्ण होईपर्यंत चष्माच बरा. काचबिंदूचे थेंब घालणाऱ्यांनी लेन्स काढून थेंब घालावेत आणि किमान १५ मिनिटे गेल्यावर लेन्स घालावी. थेंबांतील संरक्षक द्रव्य मऊ लेन्स शोषून घेते आणि दिवसभर पारपटलाला जाच देते. काचबिंदूचे थेंब लेन्सपायी चुकवणे हा सौदा कोणत्याही परिस्थितीत करू नये.

मधुमेहात पारपटलाची संवेदना बोथट होते आणि खरचटलेला पृष्ठभाग लवकर भरून येत नाही. वयानेही ती संवेदना कमी होतेच. लेन्सखाली जखम झाली तर तरुण माणूस कळवळतो. वृद्ध मधुमेहीला केवळ ‘थोडे चुरचुरते’. म्हणून अशा रुग्णाच्या डोळ्यांकडे घरच्यांनी रोज उजेडात पाहावे. लाली हीच त्यांची धोक्याची घंटा असते.

नंतर हात. लेन्स घालताना चष्मा काढावा लागतो आणि चष्मा काढल्यावर बोटावरची पारदर्शक लेन्स दिसत नाही, असा हा पेच आहे. मोठे करून दाखवणारा आरसा आणि चांगला प्रकाश यांनी तो पुष्कळ सुटतो. हात कापत असतील, संधिवाताने बोटे वाकली असतील, तर दुकानात एकदा जमले यावर विसंबू नये. घरच्या मोरीतल्या उजेडात, सकाळच्या घाईत, सलग आठवडाभर जमते का ते पाहावे. काही घरांत सून किंवा लेक लेन्स घालून देते. त्यास हरकत नाही. पण काढायलाही तीच व्यक्ती संध्याकाळी हजर हवी, आणि ती गावाला गेली तर काय, याचे उत्तर आधीच ठरलेले हवे. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना मी म्हणालो, "सर, लेन्स घालणे तुम्हाला शिकवतील; मला काढून दाखवा." त्यांनी शांतपणे दोन्ही डोळ्यांतल्या लेन्स काढून तळहातावर ठेवल्या, तेव्हा माझी काळजी मिटली. स्मृती क्षीण होऊ लागलेल्या व्यक्तीला मात्र लेन्स देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेली एक घटना या संदर्भात सांगण्यासारखी आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ६७ वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यात पापणीआड चिकटलेल्या तब्बल २७ लेन्स सापडल्या. ती पस्तीस वर्षे महिनाभर वापरायच्या लेन्स वापरत होती. टोचणे, चुरचुरणे हे सारे कोरडेपणामुळे आणि वयामुळे असावे असे तिला वाटत होते. संसर्गाच्या भीतीने शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. ‘वयामुळे असेल’ हे वाक्य आपल्या घरोघरीही रोज ऐकू येते.

पाणी, बाम आणि फोडणी

उतारवयात मऊ टोरिक ठरलीच, तर रोज नवी घालून रात्री फेकून द्यायची लेन्स मी सुचवतो. दोन डोळ्यांना वर्षाकाठी ७३० लेन्स लागतात, हा खर्च थोडा नव्हे. परंतु डबी, द्रावण, चोळणे, धुणे ही सारी यातायात संपते आणि चुकीला वाव कमी राहतो. रोज लागत नसेल तर केवळ लग्नकार्याला, प्रवासाला वापरता येते.

महिनाभराची लेन्स असेल तर तिच्या बाबतीत एक नियम सर्वांच्या वर आहे: पाणी नको. नळाचे, बोअरचे, गच्चीवरच्या टाकीचे, उकळून गार केलेले, कोणतेही नको. पाण्यात अकांथअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव असतो. तो लेन्सवाटे पारपटलात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार करावे लागतात आणि कधी कधी नेत्ररोपणाखेरीज मार्ग उरत नाही. लेन्स घालून डोक्यावरून आंघोळ करू नये, पोहू नये. पंढरपूरला किंवा नाशिकला गेल्यावर नदीत बुडी मारण्यापूर्वी लेन्स काढलेली असावी. तोंडात धरून ओली करण्याची सवयही मी पाहिली आहे. तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

डबीतील कालचे द्रावण ओतून टाकावे; त्यातच नवे भर घालू नये. डबी दर तीन महिन्यांनी बदलावी. हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण वापरत असाल तर ते थेट डोळ्यात जाता कामा नये. सोबतच्या खास डबीत, बाटलीवर सांगितलेला पूर्ण काळ लेन्स ठेवूनच ती घालावी. रात्री लेन्स घालून झोपल्यास जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. दुपारची वामकुक्षीही यात धरावी. आपल्याकडे ती हमखास विसरली जाते.

गुडघ्याला बाम चोळलेले, डोक्याला तेल लावलेले किंवा मिरची चिरलेले बोट लेन्सला लागले की काय होते ते एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा विसरत नाही. साबणाने हात धुऊन ते कोरडे करावेत, मग लेन्स घालावी, आणि बाम, काजळ, तेल हे सारे त्यानंतर. काढण्याच्या वेळी पुन्हा हात धुवावेत. गुलाबपाणी, मध असले घरगुती उपाय लेन्स असताना डोळ्यात घालू नयेत. खरे तर लेन्स नसतानाही घालू नयेत.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, दिसणे मंदावले, यांपैकी काहीही झाले तर लेन्स तत्काळ काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. काही जंतू एक-दोन दिवसांत पारपटलात भोक पाडू शकतात. लेन्स व डबी फेकून न देता बरोबर न्यावी, कारण जंतू कोणता हे त्यावरून शोधता येते. डोळा पट्टीने बांधू नये. औषधाच्या दुकानातून ‘लालीचे थेंब’ आणून घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असले तर दोन दिवस बरे वाटते आणि आत संसर्ग फोफावतो.

मोतीबिंदू जवळ आला असेल तर

मोतीबिंदू पिकू लागला असेल आणि शस्त्रक्रिया वर्ष-दोन वर्षांत होणारच असेल, तर टोरिक कॉन्टॅक्ट लेन्सवर खर्च करण्यापेक्षा वेगळा विचार करावा. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्याच्या आत बसवायचे भिंगही टोरिक मिळते. पारपटलातील दोष साधारण १ किंवा त्याहून अधिक असेल तर ते सुचवले जाते. ते एकदाच बसते, रोज घालावे-काढावे लागत नाही, आणि सत्तरीच्या माणसाला हाताच्या कापऱ्याची चिंता उरत नाही. त्याचाही अक्ष अचूक बसावा लागतो. क्वचित ते आत फिरल्यास पुन्हा जागेवर आणण्याची लहान शस्त्रक्रिया करावी लागते. पारपटलाचा आकार ओबडधोबड असेल किंवा दृष्टिपटलाचा आजार असेल तर त्याचा लाभ मर्यादित राहतो. हे सारे शस्त्रक्रियेच्या आधी स्पष्ट विचारावे. शस्त्रक्रियेच्या सकाळी, भूल देण्याचे थेंब घातल्यावर, ‘साधे की टोरिक?’ असा प्रश्न नातेवाइकांपुढे येऊ नये.

आत साधे भिंग बसवून झाल्यावर थोडा सिलिंड्रिकल नंबर उरला, तर महिना-दीड महिना थांबून, जखम स्थिरावल्यावर चष्म्याचे माप घ्यावे. त्या वेळी बहुतेकांना साधा चष्मा पुरतो. उरलेला नंबर मोठा असेल आणि दोन डोळ्यांत फार तफावत असेल तरच लेन्सकडे वळावे.

आणि जे आजवर लेन्स वापरत आले आहेत, त्यांनी मोतीबिंदूच्या मोजमापाला जाताना ते आवर्जून सांगावे. लेन्सच्या दाबाने पारपटलाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. त्या अवस्थेत माप घेतले तर आतल्या भिंगाचा नंबर आणि अक्ष दोन्ही चुकतात. साधारणपणे साध्या मऊ लेन्स आठवडाभर, मऊ टोरिक दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ आधी बंद ठेवाव्या लागतात. नेमकी मुदत आपले शस्त्रक्रियातज्ज्ञ ठरवतील. कधी कधी आठवड्याच्या अंतराने दोनदा माप घेऊन ते जुळते की नाही हेही पाहतात. तोवर वापरण्यासाठी एक चालू नंबरचा चष्मा घरात तयार असावा. लेन्स वापरणाऱ्या पुष्कळ घरांत तो दहा वर्षांपूर्वीच्या नंबराचा निघतो.